लेकीची इलेक्ट्रिक गिटार: चाळीस हजारांत काय काय बसवलं

आमच्या घरी इलेक्ट्रिक गिटार यावी अशी मागणी जुलै २०२४ मध्ये झाली आणि ती नीट वाजायला लागेपर्यंत दसरा उजाडला. मधल्या काळात मी जे जे वाचलं, ते वाजवणाऱ्यांनी वाजवणाऱ्यांसाठी लिहिलेलं होतं. हे लिखाण पैसे देणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे माझ्यासारख्या आईबापांसाठी.

माझं संगीत हार्मोनिअमचं. गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, पुढे संसार. त्यामुळे कान बरा आहे, पण गिटारच्या पोटात काय असतं याचा पत्ता नव्हता. माझी लेक ऋचा पुण्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. चौघांचा बँड आहे: ड्रम, बेस, एक गाणारा मुलगा जो गिटारही वाजवतो, आणि ही. तोवर ती अकूस्टिक गिटारलाच पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडून अ‍ॅम्पला देणारं यंत्र, चिकटवून काम भागवत होती. पण तालमीच्या जॅम रूममध्ये ड्रम सुरू झाले की तिला आवाज वाढवावा लागायचा आणि आवाज वाढवला की गिटार शिट्टी मारायची. अकूस्टिकचा पोकळ डबा स्पीकरच्या आवाजाने स्वतःच थरथरतो, ते पिकअप पुन्हा पकडतो, असा तो फेरा. इलेक्ट्रिक गिटार बहुधा भरीव लाकडाची असते म्हणून हा त्रास खूप कमी. हट्ट नव्हता, गरज होती, एवढं मला पटलं. शिवाय फेब्रुवारीत फिरोदिया करंडक ही पुण्यातली महाविद्यालयांची कलास्पर्धा होती आणि कॉलेजच्या टीमने हिला लाइव्ह म्युझिकमध्ये घेतलं होतं.

हिच्या बाबांचं म्हणणं, "ऑनलाइन दहा-बारा हजारांत गिटार, अ‍ॅम्प, पट्टा, सगळा सेट येतो की." येतो. ऋचाच्या गिटारच्या सरांनी त्यावर एकच प्रश्न विचारला: तो सेट कोण सूर लावून देणार? स्वस्त गिटारच्या खुंट्या तार धरून ठेवत नाहीत, दोन गाण्यांनंतर पुन्हा सूर लावा, असं चालू राहतं. घरी एकट्याने शिकायचं असेल तर ते खपून जातं, चौघांत उभं राहून वाजवताना नाही.

तेव्हा बजेट ठरलं: एकूण ४० हजार, त्यातले १२ हजार ऋचाचे, आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवून जमवलेले. 'एकूण' या शब्दावर मी अडून बसले. दुकानात फक्त गिटारची किंमत सांगतात. अ‍ॅम्प, केबल, पट्टा, बॅग, तारा आणि सेटअप हे सगळं नंतर एकेक करून निघतं, आणि ते गिटारच्या निम्म्या किमतीच्या आसपास जातं.

सरांनी दुसरं एक काम दिलं. गिटार बघायच्या आधी बँड ऐका. मी एका रविवारी जॅम रूममध्ये कोपऱ्यात बसून राहिले. दुसऱ्या मुलाची गिटार स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची, तिच्यात तिन्ही पिकअप सिंगल कॉइलचे, म्हणजे तारेच्या एकाच वेटोळ्याचे. आवाज लखलखीत, पातळ, प्रत्येक तार वेगळी ऐकू येणारा. हिनेही तशीच घेतली असती तर दोघांचे सूर एकमेकांत मिसळून गेले असते आणि कोण काय वाजवतंय ते कळलं नसतं. बँडमध्ये जागा रिकामी होती ती जाड, भरलेल्या आवाजाची. तो आवाज हंबकर पिकअपमधून येतो. हंबकरमध्ये दोन कॉइल एकमेकींना उलट जोडलेल्या असतात, त्यामुळे विजेची घरघर कटते आणि आवाजही जाड होतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी तो १९५५ मध्ये तयार केला.

स्वस्त गिटारींची दुकानातली रांग बघितली की गोंधळ होतो, पण बहुतेकींचं मूळ दोन अमेरिकन घराण्यांत सापडतं. एक फेंडरची स्ट्रॅटोकास्टर, १९५४ ची. दुसरी गिब्सनची लेस पॉल, १९५२ ची. या दोन कंपन्यांचेच स्वस्त ब्रँड म्हणजे अनुक्रमे स्क्वायर आणि एपिफोन. त्यांच्या जोडीला यामाहाची पॅसिफिका, आयबानेझची जिओ मालिका आणि कोरियाची कोर्ट. आमच्या बजेटमध्ये फिरून फिरून हीच नावं आली.

पुण्यातली दुकानं जुलैअखेर पाहून झाली. मग १० ऑगस्टला, शनिवारी, डेक्कन क्वीनने मुंबई गाठली. व्हीटीहून धोबी तलाव चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे वाद्यांची जुनी दुकानं आहेत, फुर्टाडोजचा इतिहास तर १८६५ पासूनचा. तिथल्या जेर महाल या इमारतीत गोव्याहून येणाऱ्या लोकांचे कुड, म्हणजे सामायिक वसतिगृहं, आहेत. मुंबईच्या हॉटेलांमधून आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांमधून वाजवणारे कितीतरी वादक गोव्याचे. वाद्यांचा बाजार इथेच का रुजला ते त्या जिन्याखाली उभं राहिलं की समजतं. खाली कयानीत बनमस्का खाऊन आम्ही कामाला लागलो.

दुकानात काय बघायचं याचा कागद सरांनी ऋचाला लिहून दिला होता, आणि त्यातला एक भाग माझ्या कानाकडे सोपवला होता. आधी गिटार अ‍ॅम्पला न जोडता वाजवायची. मग प्रत्येक गिटारवर तेच तीन तुकडे, त्याच क्रमाने. विक्रेता मुलगा मोठ्या अ‍ॅम्पला जोडून देत होता, सत्तर हजारांचा असेल. त्यावर कुठलीही गिटार छान वाजते. आम्ही त्याला म्हटलं, "दादा, घरी घेऊ तसला छोटा अ‍ॅम्प लावा." तो हसला, पण लावला.

माझं काम बाराव्या फ्रेटचं. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. तिथे तारेला नुसता हलका स्पर्श करून छेडली की वरचा सा मिळतो. मग त्याच फ्रेटवर तार नीट दाबून छेडायची. दोन्ही सूर एकच यायला हवेत. कान नसेल तर मोबाइलवरचं फुकटचं ट्यूनर अ‍ॅप हे काम करतं. एका गिटारवर दाबलेला सूर स्पष्ट चढा येत होता. खालच्या कॉर्ड गोड, आणि वर गेलं की सगळं बेसूर. अर्थात घोडीवरचे, म्हणजे तारा धडावर जिथे टेकतात तिथले, स्क्रू फिरवून हे दुरुस्त होतं, तेव्हा तेवढ्यावरून गिटार टाकून द्यायची नाही. पण दुरुस्त होणारे दोष आणि न होणारे दोष वेगळे काढायचे. मानेच्या कडेवरून हात फिरवला आणि फ्रेटची टोकं बोटाला टोचली तर ते कामात हयगय झाल्याचं लक्षण. पहिला फ्रेट आणि मान जिथे धडाला जुळते तिथला फ्रेट एकदम दाबून मधे तारेखाली किती फट राहते ते बघायचं. अगदी बारीक फट हवी. मोठी असेल तर मान वाकलेली. बटणं फिरवताना खरखर, केबल हलवली की आवाज जाणं, हेही कागदावर होतं.

फ्रेटवर तार घासून झणझण येते का हे बघताना मला गंमत वाटली. तानपुऱ्यात त्याच झणझणीसाठी आपण दोऱ्याने जवारी लावतो, इथे ती आली की गिटार नापास.

त्या दिवशी सर्वांत महत्त्वाचं कळलं ते असं की एकाच मॉडेलच्या दोन गिटारी सारख्या नसतात. एपिफोनच्या दोन लेस पॉल शेजारी टांगलेल्या होत्या, किंमत एकच, आणि एकीची मान गुळगुळीत तर दुसरीची टोचणारी. म्हणून निवड मॉडेलची करून थांबायचं नाही, हातात येणारा नग तपासायचा.

लेस पॉल ऋचाला आवाजाने आवडली होती. तिची तारांची लांबीही कमी, सुमारे ६२९ मिलिमीटर. स्ट्रॅटची ६४८. बोटं लहान असतील तर हा फरक जाणवतो. पण पट्टा लावून उभी राहिली आणि दहा मिनिटांत डावा खांदा खाली गेला. तिथली ती गिटार चार किलोच्या आसपास होती. ही गोष्ट बसून वाजवताना मुळीच कळत नाही. दोन तासांची तालीम उभ्याने होते, तेव्हा दुकानातही उभ्यानेच वाजवून बघायला सांगा, पट्टा मागून घ्या.

स्क्वायर १७ ते २० हजारांच्या घरात मिळत होती. तिच्या मानेवरची, फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी इंडियन लॉरेलची, म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन. पूर्वी ही पट्टी बहुधा शिसवीची असायची. जानेवारी २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या जाती साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात आल्या आणि देशाबाहेर विकायला जाणाऱ्या नगांना कागदपत्रं लागू झाली. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून सूट मिळाली, पण तोवर बऱ्याच स्वस्त गिटारींची पट्टी बदललेली होती. ताम्हिणीत खडबडीत सालीचा ऐन कितीदा पाहिलाय, तो असा भेटेल असं वाटलं नव्हतं. गिटार छान होती, फक्त आवाज दुसऱ्या मुलाकडे होता तोच.

शेवटी ऋचाचं मन बसलं यामाहाच्या पॅसिफिका ११२व्हीवर. घोडीजवळ हंबकर, पुढे दोन सिंगल कॉइल. शिवाय टोनचं बटण वर ओढलं की हंबकरची एक कॉइल बंद होऊन आवाज पातळ होतो. म्हणजे बँडला हवा तो जाड आवाज मिळाला आणि फिरोदियासाठी दुसराही हाताशी राहिला. अल्डर लाकडाचं धड, वजन बेताचं. फ्लॉइड रोझ पद्धतीची, तारा कुलूपबंद करणारी घोडी असलेल्या गिटारी दिसायला झकास होत्या, पण सरांनी ठाम नको म्हटलं होतं. त्यावर तारा बदलणं हा अर्ध्या तासाचा उद्योग, आणि गाण्यागणिक सूर बदलून लावायचा तर फारच कटकट.

मुंबईत मिळालेला दर आणि पुण्याचा दर यांत फरक नव्हता म्हणून पुण्यातच घ्यायचं ठरलं. काही बिघडलं तर हाकेच्या अंतरावर असावं. त्याआधी दोन पर्याय तपासले. ऋचाची आत्या न्यू जर्सीला असते, डिसेंबरात येणार होती. "मी आणते गं, इकडे स्वस्त आहे." तिकडच्या किमती खरंच कमी. सामानातून ५० हजारांपर्यंतच्या वस्तू विनाशुल्क आणता येत होत्या, त्यापुढे ३८.५ टक्के शुल्क. पण त्या ५० हजारांत आत्या आणते ते सगळंच मोजलं जातं. मोठी अडचण म्हणजे गिटार आधी हातात घेऊन बघता येणार नाही. आणखी एक सांगून ठेवते, परदेशातून गिटार आणली तर आणा, अ‍ॅम्प आणू नका. अमेरिकेतला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर जळून जाईल.

दुसरा पर्याय जुन्या गिटारचा. कोथरूडमध्ये एक मुलगा हीच गिटार १८ हजारांना विकत होता. सर बरोबर आले. पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांनी खाचा पाडल्या होत्या आणि मूळ बिल सापडत नव्हतं. फ्रेट घासून घ्यायचा किंवा बदलायचा खर्च धरला तर बचत उरत नव्हती. बिल असतं आणि फ्रेट चांगले असते तर मी डोळे झाकून जुनी घेतली असती. लाकूड काही शिळं होत नाही.

२४ ऑगस्टला पुण्यातल्या दुकानात बुकिंग केलं. किंमत २७,५००, जीएसटीसकट. आगाऊ ५,००० दिले. पावतीवर मी मॉडेल, रंग, ठरलेली किंमत, अंदाजे तारीख आणि माल न आल्यास पैसे परत, असं सगळं लिहून घेतलं. काउंटरवरच्या गृहस्थांना ते फारसं रुचलं नाही, पण लिहून दिलं. "गणपतीच्या आधी येईल मॅडम." ऑनलाइन दोन हजारांनी स्वस्त दिसत होती, नो-कॉस्ट ईएमआयही होता. ईएमआयच्या बारीक अक्षरांत प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो हे वाचलं आणि सोडून दिलं. नग तपासायची सोय नाही, हेही होतंच.

७ सप्टेंबरला गणपती बसले, गिटारचा पत्ता नाही. फोन केला की "कन्साइनमेंट निघालीय." अनंत चतुर्दशी झाली तरी कन्साइनमेंट निघालेलीच. ऋचा मैत्रिणीची गिटार मागून तालमीला जात होती आणि घरी आली की माझ्याशी एका शब्दात बोलत होती. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मी फ्रिजवर लावून ठेवला होता. लावायची वेळ आली नाही. पावतीचा फोटो पाठवून "पैसे परत कधी मिळतील?" एवढंच विचारलं, आणि २६ सप्टेंबरला फोन आला की गिटार आलीय.

तर पितृपक्ष. सासूबाई म्हणाल्या, "नवीन वस्तू आता घरात आणायची नाही, आठवडाभराने काही बिघडत नाही." ऋचाने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. दुकानात कळवलं तर पलीकडून आवाज आला, "राहू द्या मॅडम, पंधरवड्यात निम्मी गिऱ्हाइकं हेच सांगतात."

३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, गेलो. खोकं दुकानातच उघडायला लावलं. गिटारचा सीरियल नंबर बिलावर घातलाय ना ते पाहिलं, वॉरंटीसाठी तोच लागतो. कागदावरचं सगळं पुन्हा तपासलं. केबल घातल्यावर जॅकमध्ये खरखर येत होती. "वापरून बसेल" असं उत्तर मिळालं. आम्ही तिथेच बसून राहिलो. अर्ध्या तासात त्यांच्याच माणसाने जॅक उघडून डाग पुन्हा दिला, खरखर गेली. मग उरलेले २२,५०० यूपीआयने भरले. एक वर्षाची वॉरंटी बिलावर हाताने लिहून घेतली, शिक्क्यासकट.

अ‍ॅम्प तिथेच घेतला, फेंडरचा १० वॅटचा, ७,८००. ड्रमसमोर तो ऐकूही येणार नाही, पण जॅम रूममध्ये त्यांचे मोठे अ‍ॅम्प असतात. घरी लागतो तो सरावापुरता. त्याला हेडफोनचं भोक आहे हे मात्र मी बघून घेतलं, आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार कुकरची शिट्टीसुद्धा मोजली जाते.

घरी आणून लावला तर अखंड घरघर. ऋचाने तारांवर हात ठेवला की कमी, काढला की पुन्हा. हंबकर लावला तरी पूर्ण जात नव्हती. सरांना फोनवर ऐकवलं, ते म्हणाले गिटार ठीक आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्याने खोलीतला बोर्ड उघडून दाखवलं, अर्थिंगची वायर सुटून लोंबत होती. ३५० रुपयांत काम झालं. आता हंबकरवर शांत आहे, सिंगल कॉइलवर थोडी घरघर राहते, ती त्यांच्या जातीचीच.

सेटअपसाठी ७ ऑक्टोबरला शनिवार पेठेत एका काकांकडे दिली. त्यांचं काम बघायला मिळावं म्हणून मी रजा टाकून गेले, आणि या सगळ्या प्रकरणातला तो माझा सर्वांत आवडता दिवस. काकांनी आधी बाराव्या फ्रेटवर पोलादी पट्टीने तारेची उंची मोजली. जाड तार अडीच मिलिमीटर वर. तारा सैल करून मानेतली लोखंडी सळी पाव फेरा फिरवली, पुन्हा तारा ताणल्या, थांबले. चहा मागवला. "लाकडाला जरा वेळ द्यायचा असतो ताई." मग नव्या ९-४२ च्या, म्हणजे बारीक जाडीच्या तारा, घोडीवरचे सहाही तुकडे एकेक करून मागेपुढे. प्रत्येक फिरवण्यानंतर बाराव्या फ्रेटवरचा तो दुहेरी सूर. पाचव्या तारेला ते थांबले, तेव्हा मी म्हटलं, "काका, अजून किंचित चढी आहे." त्यांनी ट्यूनरकडे पाहिलं, स्क्रू आणखी थोडा फिरवला आणि विचारलं, "व्हायोलिन का?" "पेटी," मी म्हटलं.

जाड तार पावणेदोन मिलिमीटरवर आली. गिटार दोन दिवस ठेवून घेतली, ९ तारखेला पुन्हा मोजून परत दिली. मजुरी १,२०० आणि तारा ५५०. ऋचाने घरी येऊन वाजवली आणि म्हणाली, "आई, ही वेगळीच गिटार आहे." महागड्या आणि स्वस्त गिटारमधला बराचसा फरक असा पावणेदोन हजारांत भरून निघतो. सेटअपचे पैसे बजेटमध्ये धरलेच नाहीत, असं कृपा करून करू नका.

दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, पाटावर हिच्या बाबांचा ड्रिलचा डबा, माझी पेटी आणि गिटार. सासूबाईंनी पिकअपवर हळदकुंकू पडणार नाही याची काळजी घेतली, पट्ट्यावर लावलं.

हिशोब असा झाला: गिटार २७,५००, अ‍ॅम्प ७,८००, केबल ६५०, पट्टा ५५०, जाड अस्तराची बॅग १,९००, सेटअप आणि तारा १,७५०, इलेक्ट्रिशियन ३५०. एकूण ४०,५००. मुंबईचं भाडं आणि बनमस्का वेगळा. जुनी अकूस्टिक शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाने तीन हजारांना नेली, त्यामुळे बजेट पाळलं असं मी म्हणू शकते.

वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, नाहीतर घामाने लवकर गंजतात. पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. ऋचा साधारण दोन महिन्यांनी तारा बदलते, आता स्वतःच. जानेवारीपासून तिने डिस्टॉर्शन पेडलचा, म्हणजे आवाज फाटका करणाऱ्या पायपट्टीचा, विषय काढलाय. त्याचे पैसे शिकवणीतून येणार आहेत, माझ्याकडून नाही, हे दोघींमध्ये ठरलंय.